लहानसा, पण खुनशी कुत्रा

“मला क्लास बदलायचाय. सहा महिने झाले, कंटाळा आला.”

भाचा फोनवर मित्राशी बोलत होता. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. गेट परीक्षेच्या क्लासची फी गेल्याच महिन्यात भरून झाली होती.

“बदलायचाय म्हणजे? भरलेले पैसे परत देणारेत का ते?”

“आई, तो क्लास नाही गं. मी आत्ता क्लेरिक आहे ना, मला रोग व्हायचंय.”

पुढची दहा मिनिटं त्या घरात काय झालं ते सांगत बसत नाही. रोग म्हणजे इंग्रजीतला लबाड, चोर, ठक. आजार नव्हे. एवढं समजावून सांगायला मला मध्ये पडावं लागलं आणि त्या नादात मीच अडकलो. पत्ते आणि कॅरम यांच्यापुढे माझी कधी मजल गेली नव्हती. पण गेलं वर्षभर मी भाच्याकडची जाडजूड नियमपुस्तकं वाचतोय, त्यांच्या शनिवारच्या बैठकीला कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतोय. मला ओढून घेतलं ते राक्षसांनी किंवा ड्रॅगननी नाही, ‘क्लास’ या शब्दाने.

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो. रस्ता, हवामान, सराईचा मालक, गुहेतला प्राणी, सगळं तोच. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. प्रत्येकापुढे एक कागद असतो आणि त्याच्या अगदी वरच्या भागात एक रकाना: क्लास. लढवय्या, जादूगार, पुजारी, चोर. म्हणजे हा माणूस जगात पोट कशावर भरतो आणि संकटात त्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो. मराठीत याला काय म्हणावं? वर्ग म्हटलं की शाळा आठवते, पेशा म्हटलं की इतिहासाचं पुस्तक. तिसरा शब्द ओठांवर येतो आणि आपण तो गिळतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

हा खेळ पहिल्यांदा छापला गेला १९७४ साली. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा, कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. लाकडाच्या रेषांचं चित्र असलेला तपकिरी खोका, आत तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. क्लास तीनच: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाचा माणूस. आज हे तिघे इतके रुळले आहेत की त्यांना कुणी विचित्र म्हणणार नाही. पण त्यातल्या तिसऱ्याची जन्मकथा ऐका.

अर्नेसनच्या मिनेसोटातल्या मित्रमंडळात एकाचं पात्र व्हॅम्पायर झालं होतं. सर फँग त्याचं नाव. हा गडी इतका बलवान झाला की बाकीच्यांना खेळणं मुश्कील. त्याला आवरायचं कसं? मग जुन्या भुताखेतांच्या सिनेमांतल्या व्हॅम्पायर मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या धर्तीवर एक पात्र उभं केलं गेलं. क्रूस दाखवला की मेलेले मागे हटतात, असा धर्मगुरू. एका टेबलावरच्या एका डोईजड खेळाडूवरचा तो तोडगा होता. पन्नास वर्षं झाली. सर फँग कुणाला आठवत नाही, पण जगभरच्या टेबलांवर क्लेरिक अजून मेलेल्यांना मागे हटवतो. आपल्याकडे एखाद्या गावात पटकीसाठी देवी बसवतात, पटकी जाते आणि देवीची जत्रा राहते, तसंच हे.

चोराची गोष्ट आणखी साधी. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात एक खेळांचं दुकान होतं. तिथल्या मंडळींनी कुलपं उघडणारा, सापळे निकामी करणारा एक क्लास आपल्यापुरता बनवला होता. दुकानाच्या मालकाने फोनवर गायगॅक्सना त्याची कल्पना सांगितली. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर छापून आला. टाळ्या पडल्या. पण काही जुने खेळाडू अजून कुरकुरतात आणि त्यांच्या कुरकुरीत दम आहे. चोर येण्याआधी दबकत जायचं असलं की कुणीही सांगायचं, “मी बूट काढून हळूच जातो.” चालवणारा मान डोलवायचा. चोराच्या कागदावर ‘दबकून चालणे: अमुक टक्के’ असं छापलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांना बूट काढून चालता येईनासं झालं. एकाचं कौशल्य लिहून काढलं की इतरांचं अज्ञानही आपोआप लिहिलं जातं. नव्या क्लासबद्दल बोलताना ही बाजू सहसा कुणी बोलत नाही.

त्यानंतर धरणाचे दरवाजे उघडले. मठवासी, मारेकरी, ड्रुइड, रेंजर, मायावी, भाट. कुणी पुरवणीतून आले, कुणी मासिकातून. या काळातले नियम वाचताना मला आपल्या सरकारी कचेऱ्यांची फार आठवण झाली. १९७८च्या पुस्तकातला मठवासी पाहा. नुसत्या हातांनी लढणारा, बाण हाताने उडवून लावणारा, उंचावरून भिंतीच्या आधाराने उतरणारा. सातव्या पायरीपर्यंत तो सुखाने चढतो. आठव्या पायरीच्या जागा मात्र साऱ्या जगात तीन. त्यानंतर प्रत्येक पायरीवर एकच. उत्तर वाऱ्याचा स्वामी एक, पश्चिम वाऱ्याचा एक, मग ऋतूंचे स्वामी, आणि सतराव्या पायरीवर फुलांचा महास्वामी. जागा रिकामी नसेल तर बढती नाही. आधीच्याला शोधून काढा, आव्हान द्या, हरवा. हरलात तर खाली या. ड्रुइडांचंही असंच: बाराव्या पायरीवर नऊ, त्यावर तीन, त्यावर एक. एरवी झाडापानांत रमणारे हे शांत लोक बढतीसाठी एकमेकांच्या उरावर बसतात. सेवाज्येष्ठता यादी ज्याने पाहिली आहे त्याला यात अद्भुत काही वाटणार नाही.

भाटाचं प्रकरण त्याच पुस्तकात शेवटी, परिशिष्टात टाकलेलं. भाट थेट होता येत नसे. आधी पाच-सात पायऱ्या लढवय्या म्हणून चढायच्या. मग ते सोडून चोर व्हायचं, तिथे पुन्हा काही पायऱ्या. मग ड्रुइडांकडे शिष्यत्व. तेव्हा कुठे हातात वाद्य. शिवाय मुळात गुण इतके उंच हवेत की फासे टाकून ते मिळणं म्हणजे लॉटरीच. हा क्लास नियमाप्रमाणे खेळून भाट झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण कल्पना मला मनापासून आवडली. आधी लढून ये, मग चोरी करून ये, मग रानात राहून ये, आणि मग गा. आपल्याकडच्या किती शाहिरांची चरित्रं याच क्रमाने लिहिता येतील!

१९८५च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’मध्ये क्लासने वेगळंच वळण घेतलं. तोवर क्लास सांगायचा तुम्हाला काय जमतं. आता तो सांगू लागला तुम्हाला काय केल्याशिवाय राहवत नाही. त्यातला रानटी योद्धा जादूचा इतका तिटकारा करतो की जादूच्या वस्तू फोडून टाकल्या की त्याला अनुभवाचे गुण मिळतात. आणि तो बसतो कुणाशेजारी, तर जादूगाराशेजारी. त्याच पुस्तकातला घोडेस्वार सरदार शत्रू दिसला की थांबू शकत नाही. समोर अनेक शत्रू असतील तर सर्वांत बलाढ्य असेल त्याच्यावर आधी चालून जाणं हा त्याचा धर्म. बाकीचे चौघे झुडपाआड दबा धरून कुजबुजत असतात आणि हे साहेब भाला रोखून ड्रॅगनकडे निघालेले. भाच्याच्या टेबलावर एकदा हे दोघं एकाच वेळी आले. तो खेळ पाऊण तास चालला. भांडण नंतर दोन आठवडे चाललं.

फसलेल्या क्लासांचं एक वेगळं कपाट मांडता येईल. तिथे सर्वांत वरच्या खणात २००६ सालच्या ‘टोम ऑफ मॅजिक’मधला ट्रूनेमर, म्हणजे खरं नाव जाणणारा. कल्पना भारतीय माणसाला चटकन कळेल अशी: प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं एक मूळ नाव आहे, त्याचा अचूक उच्चार झाला की ती वस्तू ऐकते. उच्चार चुकला तर काही नाही. आपल्याकडे मंत्राच्या स्वरांवरून शतकानुशतकं वाद घातलेले आहेत, त्यामुळे मी हे प्रकरण आशेने उघडलं.

आणि हिशोबात घोळ. तुमची पायरी एकाने वाढली की तुमचं उच्चाराचं कौशल्य एकाने वाढतं. समोरचा शत्रूही त्याच प्रमाणात तगडा होतो, पण त्याच्यावर उच्चार साधण्याची अट मात्र दोनने वाढते. म्हणजे जितके मोठे पंडित व्हाल तितकी जीभ जास्त अडखळणार. त्यावर आणखी मेख: एखादा उच्चार एकदा साधला की त्याच दिवशी तोच उच्चार पुन्हा साधणं दोनने अवघड. एवढा रियाज करून संध्याकाळपर्यंत मुकं व्हायचं. जादूच्या वस्तू आणि इतर पळवाटा गोळा करून कौशल्य फुगवता येतं म्हणतात, पण तोवर शेजारच्या लढवय्याने काम उरकलेलं असतं. भाचा म्हणतो, हा आजवरचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत निकामी क्लास आहे. मला त्याची दया येते. ज्यांना आपला विषय जितका जास्त कळत गेला तितकं बोलणं अवघड होत गेलं, असे दोन प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत.

आता तो गिळलेला शब्द.

या खेळात क्लासच्या शेजारी आणखी एक रकाना असायचा: वंश. माणूस, एल्फ, बुटका खाणकरी ड्वार्फ, त्याहून बुटका हाफलिंग. १९८१च्या सोप्या आवृत्तीत हे दोन रकाने एकच होते. माणसाला लढवय्या, जादूगार, पुजारी, चोर यांतलं काहीही होता येई. एल्फ मात्र एल्फच व्हायचा. एल्फ हाच त्याचा वंश आणि एल्फ हाच त्याचा धंदा. आणि प्रत्येकाला वर छत ठोकलेलं. हाफलिंग आठव्या पायरीला थांबणार, एल्फ दहाव्या, ड्वार्फ बाराव्या. माणूस पुढे जात राहणार. कारण असं दिलं जाई की जग माणसांचं राहावं, खेळात समतोल राहावा.

नियम लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाने यात फक्त कादंबरीकार टॉल्किनची छाया आणि आकडेमोड पाहिली असेल. मराठी माणूस हे पान वाचताना थबकतो. जन्म आणि धंदा एकाच रकान्यात, वर चढण्याला जन्मावरून मर्यादा, आणि या सगळ्याचं समर्थन ‘समतोल’ या शब्दाने. मी तो परिच्छेद भाच्याच्या मित्रांना वाचून दाखवला. एक जण म्हणाला, “काका, हा तर गावगाडा झाला.” बलुतेदारी दोन वाक्यांत समजावून सांगायची असेल तर यापेक्षा सोपं साधन मला अजून सापडलेलं नाही.

१९७८च्या मोठ्या आवृत्तीतले तक्ते तर आणखी बोलके आहेत. तिथे बिगरमाणसांना धंदे निवडायची थोडी मोकळीक आहे, पण बहुतेक रकान्यांत छत आहेच. फक्त चोरीच्या धंद्यात जवळजवळ कुणालाच आडकाठी नाही, हवं तेवढं चढा. आणि अर्धा ऑर्क, म्हणजे ज्याच्या आई-बापांपैकी एक माणूस आणि एक राक्षसी जमातीतला, त्याला छत नसलेला धंदा अख्ख्या तक्त्यात एकच: मारेकरी. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. विस्कॉन्सिनमध्ये बसून तक्ता आखणाऱ्यांच्या हे गावीही नसणार. तरी तक्ता तसाच निघाला.

ही छतं २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. २०२४च्या नव्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्दही गेला, त्याजागी ‘प्रजाती’ आली. बरं झालं. फक्त त्याच २०००च्या आवृत्तीत चालवणाऱ्याच्या पुस्तकात एक नवा क्लास गुपचूप आला, त्याकडे फार कुणी पाहिलं नाही. ‘कॉमनर’, सामान्य माणूस. शेतकरी, मजूर, गडीमाणूस. हा खेळाडूंसाठी नव्हता. गर्दी भरायला होता. त्याचं बळ इतकं कमी धरलेलं की पाळीव मांजराने चार बोचकारे काढले तर तो मरेल, असा विनोद खेळाडूंत वर्षानुवर्षं चालला. आणि नियम काटेकोर लावले तर तो विनोद नव्हता.

मग हा सामान्य माणूस गोष्टीच्या मध्यावर आणला कुणी? इंग्लंडने. १९८६ साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ काढला. तिथे नुसता क्लास निवडून भागत नाही. फासे टाकायचे आणि नशिबाला येईल ती नोकरी धरायची. ते तिला ‘करिअर’च म्हणतात. यादी वाचा: टोलनाक्यावरचा कारकून, घोडागाडीवाला, नावाडी, फेरीवाला, भिकारी, कबरी उकरणारा, भाषणं ठोकून जमाव भडकवणारा. एक नोकरी पुरी झाली की तिच्यातून कुठे जाता येईल याच्या वाटा छापलेल्या. नावाड्याचा तस्कर होईल, विद्यार्थ्याचा वकील होईल. नायक वगैरे कुणी नाही. पगार पुरत नाही म्हणून साहसाला निघालेली माणसं.

या यादीतला सर्वांचा लाडका म्हणजे उंदीर पकडणारा. त्याच्याकडे तलवार नाही, घोडा नाही. गोफण आहे, सापळे आहेत, मेलेले उंदीर लटकवलेली एक लांब काठी आहे, आणि सामानाच्या यादीत अगदी गंभीरपणे लिहिलंय: एक लहानसा, पण खुनशी कुत्रा. हे चार शब्द या खेळाच्या जगात म्हणीसारखे झाले आहेत. मुंबईच्या वाचकाला यात काल्पनिक काय असं वाटेल, कारण आपल्या महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्यात मूषक संहारक हे पद खरोखरच आहे. बॅटरी आणि काठी घेऊन रात्रपाळीत बाजारांमागच्या गल्ल्यांत फिरायचं आणि रात्रीचे तीस उंदीर भरून द्यायचे. कुत्रा तेवढा नाही.

पण वॉरहॅमरमधला डाव खोल आहे. त्या जगाच्या शहरांखाली, गटारांत, माणसाएवढे उंदीर राहतात. स्केव्हन त्यांचं नाव. दोन पायांवर चालणारे, शस्त्रं घेतलेले, कट रचणारे. आणि साम्राज्याचं अधिकृत म्हणणं असं, की असलं काही अस्तित्वात नाही. विद्वान मानत नाहीत, सरदार मानत नाहीत. ते खरं आहे हे गटारात उतरणाऱ्याला ठाऊक, आणि त्याचं ऐकणार कोण? अख्ख्या राज्यावरच्या संकटाची बातमी सर्वांत आधी ज्याला लागते तोच साक्षीला सर्वांत कुचकामी. जादूगार आणि सरदारांच्या शंभर पानांपेक्षा ही एक नोकरी मला जास्त दमदार वाटते. नव्या, २०१८च्या आवृत्तीत चौसष्ट नोकऱ्या आहेत, त्यांत हा आजही आहे. बढती मिळाली तरी वाट गटाराकडेच जाते.

तो कुत्राही पुढे दुसऱ्या खेळांत गेला. ‘ट्रॉइका’ नावाच्या इंग्रजी खेळात फासे टाकून छत्तीस प्रकारची माणसं निघतात: तळी नासवणारा, माकडं विकणारा, एकाकी राजा, कुलपांच्या नादी लागलेला किल्लीवाला, नीट न घडलेला ड्वार्फ. त्यातल्या एका ग्रेमलिन पकडणाऱ्याबरोबर एक लहानसा, खुनशी कुत्रा आहेच. खोडकर नमस्कार म्हणायचा हा.

आणखी दोन-तीन नावं घेतो, मग टेबलावर येतो. ड्रुइड या क्लासची कल्पना ज्यांच्या नावावर लागते ते डेनिस सुस्टेअर पुढे १९७६ साली ‘बनीज अँड बरोज’ या खेळाचे एक कर्ते झाले. त्यात सगळे खेळाडू ससे. सशांनाही क्लास: धावणारा, टेहळ्या, वनौषधी जाणणारा, गोष्टी सांगणारा. सशाला तलवार पेलत नाही, त्यामुळे गोष्टी सांगणं हे तिथे खरंच जगण्याचं साधन होतं. जपानमध्ये २००७ साली निघालेल्या ‘र्युतामा’त शेतकरी, व्यापारी, कारागीर, वैदू असे क्लास. साहस म्हणजे प्रवास, आणि रोज सकाळी फासे टाकून बघायचं की आज तब्येत कशी आहे. वारीला गेलेल्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. आणि २०२१चा ‘वाँडरहोम’. युद्ध संपलेलं जग, फासेच नाहीत, मारामारी नाही. पतंगांकरवी टपाल पोचवणारा एक, भुंग्यांचे कळप राखणारा धनगर एक. त्यात एक जुना सैनिकही आहे, कमरेला म्यानात तलवार असलेला. तलवार उपसून समोरच्याला ठार करण्याची मुभा त्याला आहे. फासा टाकायचा नाही, चुकण्याचा प्रश्न नाही. त्यानंतर आपलं पात्र खेळातून काढून टाकायचं. तलवार असलेला आणि ती न उपसण्यातच ज्याचा सगळा खेळ आहे, असा क्लास मी दुसरीकडे पाहिला नाही.

जुलैतल्या एका शनिवारी भाच्याने मला खेळायला बसवलं. “मामा, तू नुसता बघत बसतोस, आज कागद घे.” खेळ होता ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’, २०१२चा, अमेरिकन. यात सुरुवातीला क्लासच नसतो. प्रत्येकाने तीन-चार गावकरी घ्यायचे, शंभराच्या फाशाने त्यांचा धंदा ठरवायचा आणि त्या सगळ्यांना एका भयंकर गुहेत लोटायचं. बहुतेक मरतात. याला ते नरसाळं म्हणतात. वरून वीस ओतले तर खालून चार-पाच निघतात आणि त्या उरलेल्यांनाच क्लास मिळतो. चालवणाऱ्याला तिथे जज म्हणतात. भाचा जज.

माझ्या वाट्याला आले चीज बनवणारा, मधमाश्या पाळणारा आणि दोरखंड वळणारा. चीजवाल्याचं सामान: सोटा आणि वास मारणारं चीज. बाहेर पाऊस लागला होता, बहिणीने कांदाभजी आणून ठेवली होती, आणि माझा चीजवाला दुसऱ्याच दारात मेला. पडणाऱ्या दगडाखाली. मला खरोखर वाईट वाटलं, याचं मलाच नवल वाटलं.

टेबलावर पाच जण होते. त्यांतल्या एका मुलीने फासा टाकला, भाच्याने तक्त्यात पाहिलं आणि वाचलं, “गाँगफार्मर. हत्यार: थापी. सामान: मैल्याचं पोतं.”

एकदा हशा झाला. कुणीतरी विचारलं, गाँगफार्मर म्हणजे काय? भाच्याने फोनमध्ये बघून सांगितलं: जुन्या इंग्लंडमध्ये घराघरांतले शौचकूप उपसून मैला गावाबाहेर नेणारा माणूस. काम फक्त रात्री करायचं, दिवसा परवानगी नाही. सांगता सांगताच त्याचा आवाज खाली आला. अमेरिकेतल्या टेबलावर ही ओळ गंमत म्हणूनच छापली गेली आहे. त्यांच्याकडे तो माणूस चारशे वर्षांमागचा. आपल्याकडे डोक्यावरून मैला वाहण्याच्या विरोधात १९९३ साली एक कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या अजून आतल्या पानावर येतात.

“परत टाक,” भाचा म्हणाला. “दुसरं काहीतरी घे.”

“का?” ती म्हणाली. “आला ना फासा. राहू दे.”

पुढे ती कुणाशी फार बोलली नाही, पण खेळली फार छान. एकनाथांनी भारुडांत घेतलेली सोंगं मला आठवत होती. दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं तर आधी त्याच्या जागी उभं राहावं लागतं. ती त्या माणसाचं हसं करत नव्हती आणि त्याला बिचाराही करत नव्हती. तो धंदेवाईक माणूस होता. अंधार त्याच्या सवयीचा होता. कुठल्या भुयारात हवा खेळती आहे, कुठे दिवा विझेल, हे तो आधी सांगायचा. तिसऱ्या दालनात एक आंधळं जनावर होतं, वासावर शिकार करणारं. माझा मधमाश्यावाला तिथे गेला. दोरखंडवालाही गेला. तिने पोतं उघडलं आणि उरलेल्या चौघांना शांतपणे सांगितलं, “अंगाला लावा.”

कुणी हललं नाही.

“जगायचंय ना?”

भाच्याने बराच विचार करून चोविसाचा फासा टाकायला दिला. या खेळात असले चमत्कारिक फासे असतात, चौदाचे, चोविसाचे, तिसाचे. एकोणीस पडले. जनावर त्यांच्या जवळून हुंगत निघून गेलं. एक सरदाराचा मुलगा मात्र अंगाला लावायला तयार झाला नव्हता. तो गेला.

रात्री साडेदहाला गुहेच्या तोंडाशी चार जण उरले. त्यांत माझं कुणीच नव्हतं. आता क्लास घ्यायचे. एकाने लढवय्या लिहिलं, एकाने जादूगार, एकाने चोर. जुन्या धंद्याचा रकाना कागदावर तसाच राहतो, तो खोडायचा नसतो. तिने थापी आणि पोत्याच्या वरच्या ओळीत लिहिलं: क्लेरिक.

“अरे वा,” भाचा म्हणाला. “देव कुठला घेतेस? यादी देऊ?”

“देव नंतर बघू. आधी देवळात घेतात का, ते सांग.”

भाच्याने पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, परत मिटलं. फासा हातात घेतला, तोही खाली ठेवला.

“पुढच्या शनिवारी सांगतो,” तो म्हणाला.